कमरेला पाऊण किलो

टेक्सास राज्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा असेल, तर ४ ते ६ तासांचा वर्ग, २५ प्रश्नांची लेखी परीक्षा आणि ५० गोळ्यांचे प्रात्यक्षिक एवढे पार पाडावे लागते. सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढवण्याच्या मानाने हा कारभार फारच आटोपशीर म्हणायला हवा. वर्ग बहुधा शनिवारी भरतो आणि चांदमारी आली की गावाबाहेर जाणे आलेच, त्यामुळे शिकाऊ माणसाला आपोआप प्रवास घडतो. टेक्सासच्या कायद्यात मात्र ‘प्रवासी’ या शब्दाला फार जुना आणि भलताच अर्थ चिकटलेला आहे. तो आधी पाहिल्यास पुढचे सगळे सोपे जाते.

घोड्यावर मांड, डोक्याला रुंद टोपी आणि कमरेला दोन्ही बाजूंना पिस्तूल हे टेक्सासचे चित्र सिनेमाने जगभर पोचवले. प्रत्यक्षात या राज्याने १८७१ साली कायदा करून पिस्तूल अंगावर घेऊन हिंडण्यास बंदी घातली आणि ती थोडीथोडकी नव्हे, १२४ वर्षे टिकली. बंदीला जे मोजके अपवाद होते त्यांत एक प्रवाशाचा. प्रवासाला निघालेल्याने पिस्तूल जवळ ठेवले तर चालेल, असे कायदा म्हणाला. प्रवासी कोणाला म्हणायचे हे सांगायला मात्र विसरला. मग ते ठरवत बसण्याची पाळी न्यायालयांवर आली. शेजारच्या तालुक्यात जाऊन त्याच दिवशी परतणारा प्रवासी होतो काय? रात्रीचा मुक्काम हवाच काय? वाटेत कामाला थांबले की प्रवास मोडतो की चालू राहतो? पुण्याहून लोणावळ्याला चिक्की आणायला गेलेला माणूस प्रवासी की गिऱ्हाईक, अशा जातीचा हा वाद होता आणि तो पिढ्यान् पिढ्या चालला. अखेर २००७ साली विधिमंडळाने, आपापल्या मोटारीत पिस्तूल ठेवायला कोणाचीच हरकत नाही, असे ठरवून टाकले. प्रवाशाची व्याख्या करण्यापेक्षा सगळ्यांनाच सूट देणे सोपे पडते, हे कळायला १३६ वर्षे लागली.

परवान्याचा इतिहास मात्र हसण्याचा नाही. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांना ठार केले. तिथे आईवडिलांबरोबर जेवायला आलेल्या सुझॅना हप यांनी आपले रिव्हॉल्व्हर कायद्याच्या भीतीने गाडीतच ठेवले होते. त्या वाचल्या, आईवडील दोघेही गेले. पुढे त्या या प्रश्नावर गावोगावी साक्ष देत फिरल्या आणि १९९६ मध्ये विधिमंडळात निवडून आल्या. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये या विषयाचे विधेयक नाकारले होते. त्यांचा पराभव करून आलेल्या जॉर्ज बुश (धाकटे) यांनी १९९५ मध्ये कायद्यावर सही केली. तेव्हा पिस्तूल झाकलेलेच असावे अशी अट होती. २०१६ पासून परवानाधारकाला ते उघडे लावायलाही मोकळीक मिळाली. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरील माणसाला परवान्याचीच गरज उरली नाही. म्हणजे ज्या वर्गाचे हे वर्णन आहे, तो आता सक्तीचा नाही. तरी वर्ग भरतात. सक्ती उठल्यावरही लोक ज्याला पैसे भरून जातात, असे शिक्षण जगात विरळा.

मराठी माणसाच्या दृष्टीने पात्रतेचा एक भाग विशेष अभ्यसनीय आहे. ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिन इथल्या मराठी वस्तीत एच-वन-बी व्हिसावर आलेले पुष्कळ. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. मजा म्हणून भाड्याचे पिस्तूल हातात घेतले तरी ते बाळगण्यातच मोडते. मात्र याला अपवाद आहे. त्या माणसाकडे एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असेल तर मनाई उठते. हा परवाना खेळाचे सामान विकणाऱ्या दुकानात सहज मिळतो आणि ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. त्यामुळे संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाणारा, अंडेसुद्धा वर्ज्य असलेला संगणक अभियंता कागदोपत्री हरणांचा शिकारी असू शकतो. हरणांना याची कल्पना नसते.

ह्यूस्टनहून चांदमारीला जायचे तर बहुधा महामार्ग धरावा लागतो. पश्चिमेकडे जाणारा कॅटी फ्रीवे बाजूचे जोडरस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिकांचा आहे आणि सकाळी त्या सव्वीसही मार्गिका भरलेल्या असतात. टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे असल्याने तिथे अंतर मैलांत सांगण्याऐवजी तासांत सांगण्याची पद्धत आहे. ‘जवळच आहे, दीड तास’ हे वाक्य तिथे कोणी विनोद म्हणून बोलत नाही. वाटेत बकीज या पेट्रोलपंपावर थांबण्याचा रिवाज आहे. त्याला पेट्रोलपंप म्हणणे म्हणजे तुळशीबागेला दुकान म्हणण्यासारखे आहे. टोपी घातलेला बीव्हर हे त्याचे बोधचिन्ह, स्वच्छतागृहांची कीर्ती दूरवर पसरलेली, आणि याच रस्त्यावर पुढे लुलिंग गावी २०२४ मध्ये उघडलेले त्याचे दुकान ७५,००० चौरस फुटांचे. तिथे भाजलेल्या मांसापासून मक्याच्या गोड कुरमुऱ्यांपर्यंत सगळे मिळते. शाकाहारी शिकारी कुरमुरे घेतो.

वर्गाची खोली सर्वसाधारण शिकवणीसारखीच असते: लोखंडी खुर्च्या, कॉफीचे भांडे, भिंतीवर झेंडा. पिस्तूल जवळ कसे बाळगावे हे शिकायला आलेल्यांना मिळणारी पहिली सूचना बहुधा ही, की पिस्तूल गाडीत ठेवून या. खोलीत काडतूस आणायला बंदी असते. शिकवणारा पोलीस किंवा सैन्यातून निवृत्त झालेला असला तर आवाज मोठा आणि विनोद जुने असतात. तो सगळ्यांना ‘फोक्स’ म्हणतो आणि वयाने निम्म्या असलेल्या पोरालाही ‘सर’ म्हणतो. टेक्सासात ‘सर’ आणि ‘मॅम’ यांचा वयाशी संबंध नाही. शिकणाऱ्यांमध्ये रात्रपाळी करून आलेली परिचारिका, निवृत्त नवराबायको, तेलविहिरीवर काम करणारा तरुण आणि मागच्या रांगेत वही-पेन घेऊन बसलेला एक देशी असा मेळ असतो. वही फक्त देश्याकडेच असते.

सुरुवात सुरक्षिततेच्या चार नियमांनी होते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. जे उद्ध्वस्त करायचे नाही त्याच्याकडे नळी वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करावी. या रूपात ते रूढ केले जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने. त्यांनी १९७६ साली ॲरिझोनात गनसाइट ही शाळा काढली. माणसाच्या सावधपणाचे चार रंगही त्यांचेच: पांढरा म्हणजे गाफील, पिवळा म्हणजे सहज जागरूक, नारिंगी म्हणजे काहीतरी खटकले आहे, आणि लाल म्हणजे आता झुंजायचे. अमेरिकन माणूस जन्मभर पांढऱ्यात वावरतो, त्याला पिवळ्यात यायला शिकवावे लागते, अशी शिक्षकांची तक्रार असते. विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला हा धडा देण्यात अर्थ नाही. तो घरातूनच पिवळा निघतो, बोरिवलीला नारिंगी होतो आणि दादरला उतरण्याच्या वेळी लाल झालेला असतो.

यानंतर येतो तो भाग नवख्याला चकित करतो. हाणामारी न करता भांडण कसे मिटवावे हा विषय कायद्यानेच अभ्यासक्रमात घातलेला आहे. अनेक वर्गांत त्यासाठी एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाचा सिद्धान्त सांगतात: प्रत्येकाच्या मनात एक पालक, एक प्रौढ आणि एक मूल असते आणि दोन माणसांतली मुले समोरासमोर आली की भांडण पेटते. पार्किंगच्या जागेवरून कोणी हुज्जत घातली तर परवानाधारकाने मनातल्या प्रौढाला पुढे करावे, माफी मागावी आणि निघून जावे. कमरेला पिस्तूल असलेल्याने नसलेल्यापेक्षा जास्त नमते घ्यावे, हा या तासाचा सारांश. पुण्यात हीच गोष्ट कमरेला काही नसतानाही जमत नाही.

कायद्याच्या तासाला खोली एकदम गप्प होते. बळ केव्हा वापरता येते, प्राणघातक बळ केव्हा, याची कलमे टेक्सासच्या दंडसंहितेच्या नवव्या प्रकरणात आहेत. त्यांत एक चमत्कारिक भेद आहे. मालमत्तेच्या साध्या चोरीला आळा घालण्यासाठी, काही अटी पाळून, प्राणघातक बळ वापरण्याची मुभा रात्री आहे, दिवसा नाही. म्हणजे तोच चोर, तेच गवत कापायचे यंत्र, पण सूर्य मावळला की कलम बदलते. एरवी शूर दिसणारा शिक्षक इथे मात्र घाईघाईने बजावतो की मुभा आहे म्हणून कोणी तसे करू नये; सुटणाऱ्या प्रत्येक गोळीमागे एक वकील चिकटलेला असतो. मग तो वकिलाचा खर्च देणाऱ्या योजनेचे पत्रक वाटतो.

त्यापुढे पाट्या. खासगी जागेच्या मालकाला परवानाधारकाचे झाकलेले पिस्तूल नको असेल तर त्याने दाराशी कलम ३०.०६ ची पाटी लावावी. उघडे पिस्तूल नको असेल तर ३०.०७ ची. पहिल्या कलमाचा आकडा आणि अमेरिकन सैन्याने १९०६ साली स्वीकारलेल्या प्रसिद्ध रायफल काडतुसाचा आकडा एकच आहे. पाटीवर कायद्यातला मजकूर शब्दशः हवा, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, रंग उठून दिसणारे हवेत आणि अक्षरे किमान एक इंच उंचीची हवीत. एवढा मजकूर एक इंची अक्षरांत दोन भाषांत लिहिल्यावर पाटी कीर्तनाच्या फळ्याएवढी होते, आणि दोन्ही कलमे लावणाऱ्या दुकानाच्या काचेतून आतला माल दिसत नाही. वर्गातून बाहेर पडलेला माणूस पुढचे काही आठवडे दुकानात शिरण्यापूर्वी दारापाशी उभा राहून वाचन करतो. मागचे ताटकळतात.

दारूच्या अड्ड्यांसाठी ५१ टक्क्यांची लाल पाटी असते. जिथे ५१ टक्के किंवा त्याहून अधिक उत्पन्न तिथेच बसून पिण्याच्या दारूचे असेल, तिथे पिस्तूल नेणे गुन्हा. खानावळीत बिर्याणी जास्त खपते की बिअर, यावर गिऱ्हाइकाचे स्वातंत्र्य अवलंबून राहिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. शाळा, न्यायालय, मतदान केंद्र, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आणि विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग वर्ज्य. करमणूक उद्यानाची तर कायद्यात व्याख्याच आहे: क्षेत्र किमान ७५ एकर आणि वर्षात १२० दिवसांहून अधिक काळ चालू. जत्रेतला पाळणा यात बसत नाही. आणि ज्या दिवशी एखाद्याला देहान्त शिक्षा द्यायची असेल, त्या दिवशी त्या जागेपासून हजार फुटांच्या आत शस्त्र आणायचे नाही. तिथे त्या दिवशी मारण्याचे काम सरकारकडे असते.

एवढे झाल्यावर खरा विषय निघतो, तो म्हणजे पट्टा. या क्षेत्रातली माणसे खासगीत भेटली की पिस्तुलाबद्दल फार बोलत नाहीत. विजार, पट्टा आणि होल्स्टर यांबद्दल बोलतात. खूप वापरात असलेले ग्लॉक १९ हे पिस्तूल १५ काडतुसांनी भरल्यावर पाऊण किलोच्या वर भरते. पाऊण किलो भेंडी विजारीत खोचून दिवसभर हिंडून पाहावे, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप कळेल. साधा पट्टा वाकतो, विजार उजवीकडून घसरते आणि माणूस दर दहा पावलांनी एक बाजू वर ओढतो. झाकलेले पिस्तूल ओळखायचे असेल तर पिस्तूल शोधू नये, विजार ओढणारा शोधावा. म्हणून जाड, आतून ताठ केलेला खास पट्टा घेतात, आणि पिस्तूल विजारीच्या आत बसवायचे असल्याने विजार नेहमीपेक्षा एक-दोन इंच ढगळ. माणूस जाड झाला की त्याने परवाना काढला, हे नातेवाइकांना लवकर कळत नाही.

पिस्तूल कुठे बसवावे यासाठी शरीराचे घड्याळ करतात. बेंबी म्हणजे १२, उजवा खुबा ३, पाठीचा कणा ६. तीन-चारच्या सुमारास लावले तर खुर्चीच्या पाठीला आपटते. एकच्या सुमारास लावले, ज्याला तिकडे ‘अपेंडिक्स’ म्हणतात, तर हाताला लवकर येते पण नळी नको त्या दिशेला असते, आणि जेवण झाल्यावर पोट व पिस्तूल यांत सीमावाद सुरू होतो. कापडावर आकार उमटला तर त्याला ‘प्रिंटिंग’ म्हणतात. आता तो गुन्हा नाही, तरी जाणत्यांत ते अजून अडाणीपणाचे लक्षण समजले जाते. शर्ट खोचायचा नाही, तंग घालायचा नाही, वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकायचे. या निकषांवर मराठी झब्ब्यासारखा पोशाख जगात नाही: गुडघ्यापर्यंत लांब, ढगळ, बाजूला चिरलेला. अडचण फक्त लेंग्याची आहे. पाऊण किलोचा भार पेलेल अशी नाडी अजून निघालेली नाही.

प्रश्नोत्तरांत सर्वांत जास्त वेळ स्वच्छतागृह या विषयावर जातो. विजार खाली गेली की पिस्तूलही जाते. ते दाराच्या हुकाला टांगू नये, टाकीवर ठेवू नये, कारण तिथे ते विसरले जाते आणि पुढच्याला सापडते. होल्स्टरसकट विजारीतच राहू द्यावे, हा मान्य मार्ग. हातपिशवीत ठेवण्यास बहुतेक शिक्षक नाखूश असतात. पिशवी खाली ठेवली जाते आणि घरात मुले असतात. भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणे हा टेक्सासात गुन्हा आहे, आणि पिस्तूल कुलपात कसे ठेवावे हाही अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. या भागात शिक्षक विनोद करत नाहीत.

दुपारनंतर चांदमारी. कानावर मफ, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी. गळाबंद सदरा घालावा असे सांगतात, कारण पिस्तुलातून उडालेली तापलेली पुंगळी गळ्यातून आत शिरली की भलाभला माणूस नाचू लागतो, आणि नाचणाऱ्याच्या हातात भरलेले पिस्तूल असते. लक्ष्य म्हणजे कागदावरची पुरुषभर आकृती. ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १० गोळ्या झाडायच्या. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. तेव्हा ही संपूर्ण परीक्षा गोलंदाज आणि फलंदाज यांच्यामध्येच उरकते. पहिला टप्पा तर नऊ फुटांचा, म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मावणारा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते २५ मीटरवरून आणि एका हाताने. इथे दोन्ही हात वापरायचे आणि तरी लोक घामाघूम होतात.

एका गोळीचे जास्तीत जास्त ५ गुण, एकूण २५०, उत्तीर्ण व्हायला १७५. पहिल्या दोन टप्प्यांत सगळे नेम मधोमध लागले तर तिथेच २०० होतात आणि शेवटच्या दहा गोळ्या मातीच्या बांधाला अर्पण केल्या तरी चालते. ९ मिलिमीटरच्या काडतुसांचे खोके सहसा ५० चेच असते, त्यामुळे चुकायला जास्तीची सोय नाही. आणि गंमत अशी की या परीक्षेत पिस्तूल कपड्याखालून काढून दाखवावे लागत नाही. ते हातात धरूनच सुरुवात होते. पट्टा, होल्स्टर, घड्याळातली जागा, ढगळ विजार, या सगळ्या खटाटोपाची परीक्षा कोणी घेत नाही. झाकलेले काढता येते की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे.

पुढे बोटांचे ठसे, ४० डॉलर शुल्क (२०१७ पर्यंत ते १४० होते) आणि काही आठवड्यांनी टपालाने येणारे, मोटारीच्या लायसन्ससारखे दिसणारे कार्ड. पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितले की लायसन्स आणि हे कार्ड दोन्ही एकत्र दाखवायची. हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि खणाकडे झेपावायचे नाही. पहिली मुदत चार वर्षांची, नंतर पाच-पाच. नूतनीकरणाला वर्गही नाही आणि गोळ्याही नाहीत.

सक्ती नसताना हे कार्ड काढण्याची कारणे व्यवहारी आहेत. तीसहून अधिक राज्ये ते मानतात. नवे पिस्तूल घेताना दुकानदाराला फोन करून पार्श्वभूमी तपासत बसावे लागत नाही. शाळेपासून हजार फुटांच्या आतल्या रस्त्यावरून जाताना केंद्रीय कायद्याची अडचण येत नाही. आणि एक कारण ऑस्टिनचे. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर एकाने गोळीबार केला, तेव्हा दारांवर धातुशोधक यंत्रे बसवण्यात आली. परवानाधारकांना मात्र यंत्रातून सूट मिळाली. पिस्तूल जवळ बाळगण्यास त्यांना कायद्याने मुभा असल्याने तपासून काय उपयोग, असा विचार. लवकरच आमदारांना भेटायला रोज येणारे मध्यस्थ आणि बातमीदार, ज्यांनी कधी पिस्तूल हातात धरले नव्हते, तेही रांग चुकवण्यासाठी वर्गाला नावे नोंदवू लागले. कार्ड दाखवून ते बाजूच्या दाराने सरळ आत जातात. सहलीला आलेली शाळेची मुले मात्र यंत्रापुढच्या रांगेत उभी राहून खिसे रिकामे करत असतात.